स्तनाचा कर्करोग : प्रदेशाप्रदेशांतील फरक आणि परिस्थितीचा प्रश्न

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर, खाडी आणि पारसिकचे डोंगर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत १९७० नंतर जें नवें शहर वसलें, त्यास आज नवी मुंबई म्हणतात. एके काळीं येथें आगरी-कोळ्यांचीं गांवें, भातशेतें आणि मिठागरें होतीं. त्यांच्या जागीं प्रथम ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेचे रसायनांचे कारखाने आले, मग सिडकोच्या वसाहती आल्या, आणि आतां त्याच कारखान्यांच्या कांहीं जागांवर कांचेच्या भिंतींचीं कार्यालयें उभीं आहेत. दिवसा या शहरांत हिंडणाऱ्यास त्याच्या रुंद रस्त्यांचें कौतुक वाटतें. रात्रीं वारा पालटला म्हणजे मात्र कारखान्यांच्या बाजूनें एक उग्र दर्प घरांत शिरतो, आणि खिडक्या लावतां लावतां घरांतील कोणीतरी म्हणतें, "असल्या हवेनेंच कर्करोग होत असेल." त्याच सुमारास शेजारच्या इमारतींतील एका बाईंच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाल्याचें कानीं आलेलें असतें; पलीकडच्या गल्लींतहि एक बाई आजारी असते. दोन गोष्टींची सांगड मनांत आपोआप घातली जाते.

ही सांगड खरी कीं खोटी, याचा विचार करावयाचा आहे. हा विषय नभोवाणीवरून, घरांतील सर्व मंडळी एकत्र बसलीं असतां, बोलण्याजोगा आहे काय, अशी शंका कांहीं श्रोत्यांच्या मनांत येईल. तिला उत्तर एवढेंच कीं, आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ या एका सालांत भारतांत सुमारें १,९२,००० स्त्रियांना हा रोग झाल्याचें निघालें, आणि सुमारें ९८,००० स्त्रिया त्यानें दगावल्या. ज्या संकोचापायीं एखादी गृहिणी आपल्या छातींतील गांठ सहा सहा महिने नवऱ्यापासूनहि लपवून ठेवते, तो संकोच पाळण्यांत कोणाचेंहि हित नाहीं.

रोगाचा नकाशा काढावयाचा तर आधीं नोंद पाहिजे. इस्पितळांत किती रोगी आले, या आंकड्यावरून कांहींच कळत नाहीं. कारण मोठ्या इस्पितळास सारा देश लोटतो. परळचें टाटा स्मारक इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेव्हांपासून त्याच्या दाराशीं आसामपासून केरळपर्यंतचे रोगी बसलेले असतात. त्यांच्या संख्येवरून परळ ही रोगट जागा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. पाहिजे असते ती निराळीच नोंद : अमुक हद्दींत कायम राहणारे लोक किती, आणि त्यांपैकीं एका वर्षांत किती जणांस हा रोग नव्यानें जडला. अशी नोंदवही मुंबईंत इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं सुरू केली. शहरांतील इस्पितळें, खाजगी शुश्रूषागृहें आणि महापालिकेच्या मृत्यूच्या नोंदी असें सर्व चाळून एकेक नांव टिपावयाचें, एकच रोगी दोन ठिकाणीं आला असल्यास त्याचें नांव दोनदां धरावयाचें नाहीं, असें हें चिकाटीचें काम आहे. पुढें १९८७ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें अशीच वही खेड्यांसाठीं निघाली. बार्शी, परांडें व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या हद्दींत घेतलीं. खेड्यांसाठीं निघालेली ही देशांतील पहिली नोंदवही.

या दोन वह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या असतां जें दिसतें तें मोठें विचार करावयास लावणारें आहे. मुंबईंत दर लाख स्त्रियांमागें वर्षाकाठीं तीसहून अधिक स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो. बार्शीकडे हें प्रमाण त्याच्या निम्म्याहूनहि कमी. अमेरिकेंत तेंच नव्वदच्या घरांत जातें. येथें एक खुलासा केला पाहिजे. हा रोग वयाबरोबर वाढतो, म्हणून ज्या मुलुखांत म्हाताऱ्या बायका अधिक तेथें रोगहि अधिक दिसणारच. तो भेद काढून टाकण्यासाठीं सर्व ठिकाणची वस्ती वयानें सारखी आहे असें धरून हे आंकडे बसविलेले असतात. म्हणजे वयाचा हिशेब चुकता करूनहि फरक उरतोच.

मग खेड्यांत रोग कमी कीं रोगाची ओळख कमी? संशय योग्य आहे. बार्शीच्या कार्यकर्त्यांनाहि तो आलाच होता, म्हणून त्यांनीं रोगी दवाखान्यांत येण्याची वाट पाहिली नाहीं. ते स्वतः गांवोगांव फिरले, सरपंचांना व जाणत्या मंडळींना भेटले, चावडींत बैठका घेतल्या, ज्यांच्या अंगावर शंकास्पद लक्षणें दिसलीं त्यांना तपासणीस आणविलें. इतकें करूनहि प्रमाण शहराइतकें चढलें नाहीं. कांहीं रोगी निसटले असतील. पण सारा फरक निसटण्यानें झाला असें म्हणणें कठीण.

आतां शहरी हवेवर बोट ठेवणारा म्हणेल, "पाहा, आम्ही सांगतच होतों!" येथें मुंबईच्याच वहींतील एक गोष्ट आडवी येते. या शहरांतील पारशी स्त्रियांमध्यें स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण इतर समाजांतील स्त्रियांपेक्षां पुष्कळ अधिक असल्याचें मुंबईच्या संशोधकांनीं अनेक वर्षांपूर्वींच दाखवून दिलें. दादरची पारशी बाई आणि दादरचीच मराठी बाई एकच हवा घेतात, तानसा-वैतरण्याचें एकच पाणी पितात, एकाच बाजारांतली भाजी खातात. हवा-पाणी हेंच मुख्य कारण असतें, तर दोघींच्या वांट्यास रोग सारखाच यावयास हवा होता. फरक होता तो आयुष्यक्रमांत. पारशी समाजांत मुलींचें शिक्षण आधीं आलें, लग्नें उशिरां होऊं लागलीं, कित्येक जणी अविवाहित राहिल्या, मुलें एक-दोन किंवा मुळींच नाहींत. समाज लहान व आपसांतच सोयरिकी करणारा असल्यामुळें रक्ताचा वारसाहि कांहीं अंशीं कारण असूं शकेल. पण इतर समाजांतील स्त्रिया जसजशा त्याच वाटेनें चालूं लागल्या, तसतसें त्यांचेंहि प्रमाण वाढत गेलें, ही गोष्ट केवळ वारशानें सुटत नाहीं.

वारशाचा प्रश्न जपानी लोकांनीं जवळजवळ निकालांत काढला आहे. जपानांत हा रोग एके काळीं फार थोडा असे. हवाई बेटांत व कॅलिफोर्नियांत जे जपानी जाऊन राहिले, त्यांच्या मुलींत व नातींत तो पिढी-दर-पिढी वाढत जाऊन गोऱ्या स्त्रियांच्या प्रमाणाजवळ पोंचला. तींच कुळें, तेंच रक्त. बदलली ती राहणी. इंग्लंडांत गेलेल्या भारतीय कुटुंबांतहि असेंच कांहीं दिसतें. तेथील आपल्या स्त्रियांचें प्रमाण इंग्रज स्त्रियांहून कमी, पण मायदेशाहून जास्त. याचा अर्थ रोगाचें मूळ बव्हंशीं परिस्थितींत आहे. मात्र "परिस्थिति" हा शब्द वैद्य फार व्यापक अर्थानें वापरतात, आणि येथेंच सामान्य माणसाची दिशाभूल होते. वैद्याच्या लेखीं आईबापांकडून रक्तांतून न आलेलें जें जें कांहीं, तें सर्व परिस्थिति : पहिलें मूल कोणत्या वयांत झालें, किती दिवस अंगावर पाजलें, खाणें काय, चालणें किती, मद्य घेतलें कीं नाहीं, कोणत्या गोळ्या घेतल्या. ऐकणारा मात्र त्याचा अर्थ कारखान्याचा धूर एवढाच घेतो.

स्त्रीच्या आयुष्यक्रमाचा आणि या रोगाचा संबंध नवा नाहीं. इटलींतील रामात्सिनी नांवाच्या वैद्यानें अठराव्या शतकाच्या आरंभींच लिहून ठेवलें कीं, मठांत राहणाऱ्या जोगिणींमध्यें स्तनाचा कर्करोग फार आढळतो. १९२६ सालीं जेनेट लेन-क्लेपन या इंग्रज विदुषीनें ५०० रोगी स्त्रिया आणि ५०० निरोगी स्त्रिया यांच्या आयुष्याची बारकाईनें तुलना करून तोच निष्कर्ष आंकड्यांनीं मांडला. पुढें २००२ सालीं तीस देशांतील ४७ पाहण्या एकत्र करून, सुमारें ५०,००० रोगी स्त्रियांच्या हकिकतीवरून ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं असें काढलें कीं, प्रत्येक बाळंतपणाबरोबर धोका सुमारें ७ टक्क्यांनीं, आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांबरोबर आणखी सुमारें ४ टक्क्यांनीं उतरतो. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत अंडाशयांतून जीं संप्रेरकें पाझरतात, तीं स्तनांतील पेशींना दर महिन्यास वाढण्याची आज्ञा देतात. बाळंतपण व स्तनपान यांनीं त्या पेशी पक्व होतात, स्थिरावतात. उशीरा बाळंतपण, लवकर आलेली व उशिरां गेलेली पाळी, उतारवयांतील लठ्ठपणा यांनीं त्या आज्ञांची मुदत व मात्रा लांबते. टाटा इस्पितळांतील संशोधकांनीं शहरी व ग्रामीण रोग्यांची जी तुलना केली, तींतहि कमरेभोंवतीं सांठलेली चरबी हें दोन्हीकडे ठळक कारण म्हणून पुढें आलें.

येथें एक कठोर गोष्ट बोलणें भाग आहे. हीं कारणें ऐकून कांहीं सासवा व कांहीं मामंजी मुलींच्या शिक्षणाकडे बोट दाखवितील, "उशिरां लग्न केलें, भोगा आतां." हा निव्वळ अडाणीपणा होय. लाखो स्त्रियांची सरासरी हा एका स्त्रीवरचा निकाल नव्हे. विशीच्या आंत चार मुलें झालेल्या, चौघांनाहि अंगावर पाजलेल्या बायकांनाहि हा रोग होतो. आणि आजन्म अविवाहित राहिलेल्या हजारों शिक्षिका व परिचारिका निरोगी म्हाताऱ्या होतात. शिवाय ज्या काळीं बायकांना दहा-दहा बाळंतपणें होत, त्या काळीं त्यांतल्या किती जणी कर्करोगाचें वय गांठण्यापूर्वींच सूतिकागृहांत संपत, तेंहि हिशेबांत धरावयास पाहिजे.

मग हवा, पाणी, रसायनें यांना दोषमुक्त ठरवावयाचें काय? तसेंहि नाहीं. किरणोत्सर्गाबद्दल तर शंकाच उरलेली नाहीं. हिरोशिमा व नागासाकी येथें बाँबच्या तडाख्यांतून वांचलेल्या स्त्रियांत हा रोग पुढें वाढला, आणि ज्यांचें वय त्या वेळीं वीस वर्षांच्या आंत होतें त्यांच्यांत विशेष वाढला. ही वयाची गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण रसायनांच्या बाबतींतहि तीच पुन्हां भेटते.

अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड भागांतील स्त्रियांना आपल्याकडे हा रोग फार आहे असें वाटूं लागलें. त्या गप्प बसल्या नाहींत; त्यांनीं इतकी चळवळ केली कीं १९९३ सालीं तेथील काँग्रेसनें कायदा करून चौकशी करविली. पंधराशेंहून अधिक रोगी स्त्रिया व तितक्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना केली. २००२ सालीं निष्कर्ष बाहेर आले. डी. डी. टी. व तत्सम द्रव्यांचा रक्तांतील अंश आणि रोग यांचा संबंध आढळला नाहीं; धुरांत सांपडणाऱ्या कांहीं द्रव्यांशीं थोडासा संबंध दिसला. पुष्कळांची निराशा झाली. परंतु पांच वर्षांनीं कॅलिफोर्नियांतून निराळी बातमी आली. तेथें १९५९ ते १९६७ या काळांत गरोदर स्त्रियांचें रक्त घेऊन जपून ठेवलें होतें. त्यांपैकीं ज्या स्त्रिया, १९४५ सालीं डी. डी. टी. बाजारांत आली तेव्हां, चौदा वर्षांच्या आंतल्या मुली होत्या, त्यांच्यांत रक्तांत तें द्रव्य अधिक असणारींना रोगाचा धोका पांचपट निघाला. त्या वेळीं वयानें मोठ्या असलेल्यांत असा संबंध नव्हता. ही पाहणी लहान होती, तिच्यावर सर्व भार टाकतां येणार नाहीं; पण तिनें एक प्रश्न शिकविला. बाईला रोग झाला तेव्हां ती कोठें राहत होती हें विचारण्यापेक्षां, ती बारा वर्षांची असतांना कोठें राहत होती, हें विचारावें.

आणि हा प्रश्न नवी मुंबईस लावून पाहिला म्हणजे तिची अडचण ध्यानांत येते. या शहरांत आज पन्नास-साठ वर्षांच्या असलेल्या स्त्रिया बहुतेक येथें जन्मल्याच नाहींत. कोणी साताऱ्याहून, कोणी गिरणगांवच्या चाळींतून, कोणी मलबारांतून, कोणी गंगेकाठून आली. हा रोग अंगांत रुजून डोकें वर काढीपर्यंत दहा, वीस, तीस वर्षें जातात. तेव्हां वाशीच्या पत्त्यावर नोंदलेल्या रोगाचें बीज वाशींत पडलें कीं कऱ्हाडच्या उसाच्या शेतांत, हें पत्त्यावरून सांगतां येत नाहीं. या शहरांत जन्मलेल्या आगरी-कोळी स्त्रिया आणि पहिल्या वसाहतींतल्या मुली मात्र आतां त्या वयास येत आहेत. शहराबद्दल कांहीं शिकावयाचें असेल तर तें त्यांच्याकडूनच शिकतां येईल. आणखी एक घोटाळा खारघरचा. परळची कर्करोग-संशोधन संस्था २००२ सालीं खारघरला हलली, तेथें इस्पितळहि आहे, आणि उपचारासाठीं परगांवचे रोगी आसपास महिनोगणती खोल्या घेऊन राहतात. अशा पाहुण्यांचे पत्ते गणले तर खारघर हें देशांतील सर्वांत रोगट गांव ठरेल! म्हणूनच, एखाद्या हद्दींत निदान वर्षभर राहणाऱ्यासच तेथला रहिवासी धरावें, असा नोंदवहीचा दंडक आहे.

एकाच गल्लींत तीन रोगी, या गोष्टीचें काय? मूठभर ज्वारी ताटांत उधळून पाहावी. दाणे सारख्या अंतरावर पडत नाहींत. कोठें चार-पांच एकत्र जमतात, कोठें वीतभर जागा मोकळी राहते. जमलेल्या दाण्यांभोंवतीं मागाहून वर्तुळ काढलें, तर त्या जागेंत कांहीं विशेष आहे असें वाटूं लागतें. कांहीं वेळां विशेष असतेंहि. पण तें आधीं हद्द आंखून व मग मोजून सिद्ध करावें लागतें. पंजाबच्या माळवा भागांत कीटकनाशकांमुळें कर्करोग माजला, अशी देशभर बोलवा झाली. भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या एका आगगाडीस तर लोक कॅन्सरची गाडी म्हणूं लागले. पुढें टाटा स्मारक केंद्राच्या मार्गदर्शनाखालीं तेथें नोंदवह्या सुरू झाल्या, तेव्हां माळव्यांतील मानसा व संगरूर या शेतकरी जिल्ह्यांपेक्षां चंडीगढ व मोहाली या सुखवस्तु शहरांतच स्तनाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक निघालें. म्हणजे कीटकनाशक निरुपद्रवी असें नव्हे. या विशिष्ट रोगाचा नकाशा त्याच्या नकाशाशीं जुळला नाहीं, इतकेंच.

ज्या गोष्टीकडे नवी मुंबईनें खरोखर डोळे उघडून पाहावें, ती कदाचित् धुराडीं नसून दिवे असतील. ऐरोली-महापें येथील कार्यालयांत शेंकडों तरुण मुली अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणें रात्रभर काम करतात. रात्रपाळी ही मनुष्यास कर्करोग करणारी बहुधा असावी, असें मत आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००७ सालीं दिलें व २०१९ सालीं कायम केलें. रात्रींच्या उजेडानें शरीराचीं घड्याळें व संप्रेरकें बिघडतात, असा तर्क आहे. उलट २०१६ सालीं ब्रिटनमधील फार मोठ्या पाहणींत असा संबंध दिसला नाहीं. वाद मिटलेला नाहीं. पण ज्या शहरांत रात्रपाळीच्या मुली, इस्पितळांतील परिचारिका आणि दिवसा काम करणाऱ्या त्यांच्याच बहिणी शेजारीं राहतात, तें शहर हा वाद तोडण्यास फार सोयीचें आहे.

प्रदूषणाविरुद्ध तक्रार करण्यास मात्र स्तनाच्या कर्करोगाची साक्ष काढण्याची कांहींच गरज नाहीं. २०१७ च्या ऑगस्टांत तळोज्याच्या रस्त्यावरचीं कुत्रीं कारखान्याच्या रंगीत पाण्यानें निळीं झालेलीं लोकांनीं पाहिलीं. कुत्र्याच्या अंगावर रंग चढतो तें पाणी नदीस मिळूं नये, हें पटण्यास वैद्यशास्त्र लागत नाहीं. मैली हवा फुप्फुसाचा कर्करोग करते, हें २०१३ सालापासून अधिकृत मत आहे. तेवढें कारण पुरेसें आहे. जें सिद्ध झालें नाहीं त्यावर खटला उभा केला, तर तो कोसळतांना खऱ्या तक्रारीहि बरोबर घेऊन पडतो.

दुसरा तोटा अधिक जवळचा आहे. रोग हवेंतून येतो अशी समजूत झाली म्हणजे कारखान्यापासून लांब राहणारी बाई निर्धास्त होते आणि जवळ राहणारी हताश होते. दोघीहि आपली गांठ दाखविण्यास उशीर करतात. २०१० ते २०१४ या काळांत रोग निघालेल्यांपैकीं भारतांत सुमारें ६६ टक्के स्त्रिया पांच वर्षें जगल्या, अमेरिकेंत सुमारें ९० टक्के. आपल्याकडे रोग कमी असून मरण जास्त, या उलट्या हिशेबाचें एक मोठें कारण उशीर हें आहे.

मुंबईच्या झोंपडवस्त्यांत टाटा इस्पितळानें १९९८ पासून एक प्रयोग चालविला. ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ स्त्रियांपैकीं निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनीं हातानें तपासले. हें काम डॉक्टरांनीं केलें नाहीं. दहावीपर्यंत शिकलेल्या, थोडे आठवडे तालीम दिलेल्या बायकांनीं केलें. वीस वर्षांनीं हिशेब केला तेव्हां तपासलेल्यांत रोग आधींच्या पायरीवर सांपडत होता. एकंदर मृत्यूंतील घट १५ टक्के निघाली, ती आंकडेशास्त्राच्या कसोटीस पुरती उतरली नाहीं. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारें ३० टक्क्यांनीं कमी झाले. यंत्र नाहीं, क्ष-किरण नाहीं, फक्त शिकवलेला हात. तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हावी, असा कार्यक्रम आतां देशभर आंखलेला आहे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांना विचारलें कीं, तुमचे स्तन कधीं कोणी तपासले आहेत काय. होय म्हणणाऱ्या शंभरांत एकहि पुरती भरली नाहीं.